साउथ बँकवर १९५१ शोधताना

जत्रा उठल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही कधी त्या मैदानात गेला असाल. मोठा पाळणा होता तिथे खड्डे दिसतात, रसवंतीच्या जागी उसाची चिपाडं पडलेली असतात, तंबूचे खुंट उपटलेले असतात. एवढ्यावरूनही गावातला म्हातारा बरोबर सांगतो, तमाशाचा फड कुठे होता आणि कुस्त्यांचा आखाडा कुठे.

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठावर असंच एक मैदान आहे. तिथली जत्रा ३० सप्टेंबर १९५१ ला उठली. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत त्या जागेवर बागा झाल्या, कचेऱ्या झाल्या, लंडन आयचा प्रचंड पाळणा उभा राहिला. तरी त्या जत्रेच्या खुणा अजून वाचता येतात, आणि त्या कशा वाचायच्या ते दाखवणारे हेरिटेज वॉक तिथे होतात. मी पहिल्यांदा असा वॉक केला तेव्हा लंडनमध्ये नवीन होते. आता घरी कुणी पाहुणं आलं की मीच त्यांना घेऊन ही फेरी करते. मागच्या खेपेला माझी आत्या होती. ती कराडला शाळेत इतिहास शिकवायची, त्यामुळे पुढच्या मजकुरातले निम्मे प्रश्न तिचे आहेत.

त्या जत्रेचं नाव फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन. ती का भरवली हे कळायला तेव्हाचा ब्रिटन डोळ्यांपुढे आणायला हवा. १९४५ मध्ये युद्ध जिंकलं, पण जिंकलेल्या देशाची अवस्था हरल्यासारखी होती. शहरांत बॉम्बने पाडलेल्या घरांच्या जागी ढिगारे होते. युद्धाच्या काळात पावाला रेशन लागलं नव्हतं, ते युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये लागलं आणि दोन वर्षं राहिलं. १९५१ सालीही चहा, साखर आणि मांस रेशनवरच मिळत होतं. १९४९ मध्ये पौंडाची किंमत ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणावी लागली होती. जिंकलो म्हणायचं, पण घरात काही नाही, अशी गत.

उत्सवाची कल्पना मात्र युद्ध चालू असतानाच निघाली होती. १८५१ मध्ये हाइड पार्कात काचेच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एक महाप्रदर्शन भरलं होतं. त्याची शताब्दी १९५१ मध्ये येणार, तेव्हा काहीतरी करावं, असं रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेने १९४३ मध्येच सुचवलं. १९४५ मध्ये ‘न्यूज क्रॉनिकल’ या वर्तमानपत्राचे संपादक जेराल्ड बॅरी यांनी त्याच अर्थाचं जाहीर पत्र व्यापारमंत्र्यांना लिहिलं. व्यापारमंत्री होते सर स्टॅफर्ड क्रिप्स.

“क्रिप्स? आपला क्रिप्स मिशनवाला?” आत्या तिथल्या तिथे थांबली.

“तोच, आत्या.”

“बेचाळीसचा?”

“बेचाळीसचाच.”

तिने तीस वर्षं फळ्यावर ते नाव लिहिलं होतं. त्या माणसाला मागे दुसरी कामंही होती हे तिला नवीन होतं. गंमत म्हणजे पुढे या काठावर उभ्या राहिलेल्या संगीतगृहाची कोनशिला १९४९ मध्ये मजूर पक्षाचे पंतप्रधान ॲटली यांनी बसवली. भारताचं स्वातंत्र्य आणि ब्रिटनचा हा उत्सव, दोन्ही एकाच मंत्रिमंडळाच्या कागदांतून गेलेले आहेत.

मूळ बेत जागतिक प्रदर्शनाचा होता. तेवढा पैसा नव्हता. मग मजूर पक्षाचे नेते हर्बर्ट मॉरिसन यांनी तो देशापुरता आणून अंगावर घेतला, आणि बॅरी त्याचे संचालक झाले. ३ मे १९५१ रोजी राजे सहावे जॉर्ज यांनी सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या पायऱ्यांवरून उद्घाटन केलं. पाच महिन्यांत एकट्या साउथ बँकच्या प्रदर्शनाला सुमारे ८५ लाख लोक येऊन गेले. उत्सव फक्त लंडनपुरता नव्हता. ‘कॅम्पानिया’ नावाचं, आधी विमानवाहू असलेलं जहाज प्रदर्शन घेऊन बंदरोबंदरी फिरलं. ग्लासगोत आणि बेलफास्टमध्ये स्वतंत्र प्रदर्शनं होती. लहान गावांनी आपापल्या कुवतीने बसथांब्याला छप्पर घातलं, गावाच्या नावाची पाटी लावली, चौकात बाकडं टाकलं. इंग्लंडच्या खेड्यात हिंडताना एखाद्या बाकड्यावर १९५१ हा आकडा दिसला तर थांबून बघा, ते बहुधा या उत्सवाचंच असतं.

आता चालायला लागू. सुरुवात मी वेस्टमिन्स्टर पुलाच्या पूर्व टोकाला करते, जिथे एक मोठा पांढरट सिंह उभा आहे. पर्यटक त्याच्याशेजारी उभं राहून पलीकडच्या बिग बेनचा फोटो काढतात आणि सिंहाकडे पाठ करतात. हा सिंह उत्सवासाठी घडवलेला नाही, उत्सवासाठी हलवलेला आहे. इथून थोडं पुढे लायन ब्रूअरी नावाचा बिअरचा कारखाना होता. १८३७ मध्ये हा सिंह त्याच्या माथ्यावर बसवला. उत्सवाच्या तयारीत कारखाना पाडला, सिंह मात्र वाचवला. काही वर्षं तो वॉटर्लू स्टेशनापाशी होता, १९६६ पासून इथे आहे.

त्याच्या अंगावरून हात फिरवावासा वाटतो, कारण पावणेदोनशे वर्षांहून जास्त पावसाळे खाऊनही त्याच्या आयाळीचे केस स्पष्ट आहेत. तो दगड नाहीच. ती भाजलेली माती आहे. एलिनॉर कोड नावाच्या बाईंचा लॅम्बेथमध्ये, याच भागात, कारखाना होता. मातीत गारगोटी, काचेची पूड आणि आधी भाजलेल्या मातीचा चुरा मिसळायचा, साच्यात घालायचं आणि भट्टीत सलग काही दिवस भाजायचं. आपल्याकडे कुंभार कच्च्या मडक्याला तडा जाऊ नये म्हणून मातीत काही ना काही मिसळतो, तोच विचार, फक्त आकार सिंहाएवढा.

सिंहाला मागे टाकून काउंटी हॉलच्या समोरून, नदीच्या कडेने निघायचं. इथे मी पाहुण्यांना खाली बघायला सांगते. आपण चालतोय ती वाट आणि शेजारची नदीची भिंत, हीच त्या उत्सवाची सर्वांत मोठी खूण आहे. त्याआधी काउंटी हॉल ते वॉटर्लू पूल या टप्प्यात सामान्य माणसाला नदीकाठी जाताच येत नव्हतं. धक्के, वखारी, कारखान्यांच्या मागच्या भिंती नदीपर्यंत गेलेल्या, त्यातल्या बऱ्याच बॉम्बने मोडलेल्या. उत्सवाच्या निमित्ताने नदीत भराव घालून नवी भिंत बांधली आणि काठ लोकांसाठी मोकळा केला. मांडव गेले, पण काठ परत कुणी वखारवाल्यांना दिला नाही. आज लाखो माणसं इथून चालतात आणि ती १९५१ वर चालत आहेत हे त्यांच्या गावीही नसतं.

पुढे लंडन आय लागतो आणि त्याच्या मागे ज्युबिली गार्डन्सची हिरवळ. आत्या तिथे उभी राहून चारी बाजूंना बघत म्हणाली, “इथं काय बघायचं?” काही नाही. हेच बघायचं. या फेरीतली ही सगळ्यात महत्त्वाची जागा आहे आणि इथे दाखवायला एक वीटही नाही.

प्रदर्शन एकूण २७ एकरांवर होतं. मधोमध जाणाऱ्या हंगरफोर्डच्या रेल्वेपुलाने त्याचे दोन भाग केले होते. वरच्या अंगाला ‘भूमी’, खालच्या अंगाला ‘माणसं’. आपण उभे आहोत तो भूमीचा भाग. इथे डोम ऑफ डिस्कव्हरी होता, शोधांचा घुमट. वास्तुविशारद राल्फ टब्ज. व्यास ३६५ फूट, म्हणजे सुमारे १११ मीटर, आणि सगळा ॲल्युमिनियमचा. आकाराची कल्पना यावी म्हणून मी सोलापूरकडच्या पाहुण्यांना विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देते. त्या घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे. तसे अडीच घुमट शेजारी शेजारी ठेवले तर हा एक होईल. त्या वेळी जगात एवढा मोठा घुमट दुसरा नव्हता. आत ध्रुव, समुद्र, आकाश, अंतराळ, सजीव सृष्टी असे विभाग होते. ज्यांनी सहा वर्षं विज्ञान म्हणजे बॉम्ब एवढंच अनुभवलं होतं, त्यांना विज्ञानाचा दुसरा चेहरा दाखवायचा हा बेत होता.

घुमटाशेजारी नदीच्या कडेला स्कायलॉन होता. सिगारच्या आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता, जवळजवळ ३०० फूट उंच. आणि त्याचं खालचं टोक जमिनीला टेकत नव्हतं, ते माणसांच्या डोक्यावर चाळीसएक फूट अधांतरी होतं. रात्री आतून दिवे लागायचे, तेव्हा तो हवेत लटकलेला वाटे. लोक म्हणायचे, हा अगदी आपल्या देशासारखा आहे, कशाच्या आधाराने उभा आहे ते दिसत नाही.

तो उभा कसा राहायचा? तंबूचा खांब आठवा. खांब एकटा पडतो. चहूबाजूंनी दोर ताणले की तोच खांब वाऱ्यालाही ऐकत नाही. स्कायलॉनचा सांगाडा पोलादी तारांनी धरलेला होता आणि त्या तारा तीन तिरप्या पोलादी खांबांवरून जमिनीपर्यंत गेल्या होत्या. तारा थोड्या जरी सैल राहिल्या तर एवढा उंच सांगाडा वाऱ्यात डुलला असता, आणि तो स्थिर राहण्यासाठी आणखी कितीतरी तारा लागल्या असत्या. त्यावर अभियंता फेलिक्स सॅम्युएली यांनी साधा पण पक्का उपाय काढला. उभारणी झाल्यावर ते तीन खांब हायड्रॉलिक जॅकने वर उचलायचे, म्हणजे सगळ्या तारा एकदम ताणल्या जातात. तंबोऱ्याची खुंटी पिळल्यावर तार जशी बोलायला लागते, तसा तो सांगाडा ताठ झाला. आराखडा पॉवेल आणि मोया या तरुण वास्तुविशारदांचा होता.

मग हे सगळं गेलं कुठे? २५ ऑक्टोबर १९५१ ला ब्रिटनमध्ये निवडणूक झाली, मजूर पक्ष हरला आणि चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले. (भारतातल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचं पहिलं मतदान हिमाचलातल्या डोंगरांत झालं तेही याच तारखेला, २५ ऑक्टोबर १९५१. हे सांगितल्यावर आत्याने पिशवीतून वही काढून टिपून घेतलं.) हुजूर पक्षाच्या अनेकांच्या लेखी हा उत्सव म्हणजे मजूर पक्षाचा सरकारी खर्चाने केलेला प्रचार होता. नव्या सरकारने जागा मोकळी करायला घेतली. घुमट आणि स्कायलॉन भंगारात विकले गेले, आणि त्या धातूपासून भंगारवाल्या कंपनीने पत्रं फोडायच्या आठवणीदाखल सुऱ्या बनवल्या. स्कायलॉन नदीत फेकला ही कथा मात्र लोकांच्या तोंडी राहिली आहे.

चर्चिलनी सूडाने सगळं पाडलं, असं पुष्कळदा सांगतात. मला ते अर्धंच पटतं. बहुतेक मांडव तात्पुरतेच बांधले होते, पाच महिन्यांनंतर ते काढायचेच होते. पण घुमट आणि स्कायलॉनला लोकांनी आपलं मानलं होतं, ते ठेवता येतील का याचा विचार नीट न करता इतक्या घाईने मैदान साफ करणं, हा राजकारणाचा भाग होता. आणि एवढ्या घाईने रिकामी केलेली जागा पुढे कितीतरी वर्षं गाड्या उभ्या करायला वापरली, हे मला सगळ्यात जास्त लागतं. मागच्या बाजूला शेल कंपनीचा मनोरा झाला. बाग झाली ती १९७७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या पंचवीस वर्षांनिमित्त.

रेल्वेपुलाखालून पलीकडे गेलं की ‘माणसां’चा भाग. इथे उभं आहे रॉयल फेस्टिव्हल हॉल, उत्सवाची कायमस्वरूपी बांधलेली आणि आजही नांदती इमारत. लंडन काउंटी कौन्सिलने ती बांधली. रॉबर्ट मॅथ्यू, लेस्ली मार्टिन आणि पीटर मोरो ही त्यातली मुख्य नावं. कोनशिलेपासून दीड वर्षात ती उभी राहिली, तीही पोलादाची टंचाई असताना.

बाहेरून ती फार बोलत नाही, शिवाय नदीकडचं तोंड १९६० च्या दशकात बदललेलं आहे. म्हणून आत जायचंच. प्रश्न असा होता की शेजारी रेल्वेचा पूल, दर काही मिनिटांना गाडी, आणि आत वाजणार व्हायोलिन. उत्तर म्हणून त्यांनी मैफिलीचं दालन जमिनीवर ठेवलंच नाही. ते खांबांवर उचलून इमारतीच्या मधोमध अधांतरी ठेवलं, आणि त्याच्याभोवती जिने, सज्जे, मोकळ्या जागा गुंडाळल्या. खोक्यात अंडं ठेवावं तसं, असंच त्याला म्हणतात. भुशात ठेवलेल्या अंड्याला धक्का लागत नाही, कारण धक्का भुशात जिरतो. इथे गाडीचा आवाज या मधल्या मोकळ्या जागेत जिरतो.

पण त्या युक्तीचा खरा फायदा आवाजापलीकडचा आहे. दालन वर उचललं गेल्यामुळे त्याच्या पोटाखाली मोठी, सलग, पायऱ्यापायऱ्यांची जागा मोकळी मिळाली. १९८३ पासून ती दिवसभर सगळ्यांना खुली आहे. तिकीट लागत नाही, काही विकत घ्यावं लागत नाही. मुलं नाच बसवत असतात, विद्यार्थी लॅपटॉप उघडून बसतात, एखादा म्हातारा पेपर वाचता वाचता झोपतो. लंडनमधल्या पहिल्या हिवाळ्यात, खोली गरम करायचे पैसे वाचवायला, मी इथे येऊन बसत असे. कुणी कधी उठवलं नाही. आत्यालाही तिथेच बसवून थर्मासमधला चहा दिला आणि खालचा गालिचा बघायला सांगितलं. त्यावरची जाळी आणि चेंडूंची नक्षी मूळ आराखड्यातलीच आहे. १९८८ मध्ये या इमारतीला पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं. युद्धानंतर बांधलेल्या इमारतींपैकी ते मिळवणारी ही पहिलीच.

नक्षीचा विषय निघालाच आहे तर एक सांगायलाच हवं. उत्सवासाठी हेलन मेगॉ या केंब्रिजच्या स्फटिकशास्त्रज्ञ बाईंच्या कल्पनेतून पडदे, कपबश्या, भिंतीचे कागद यांवर चक्क रेणूंची नक्षी छापली गेली. स्फटिकावर क्ष-किरण सोडले की आतल्या अणूंवरून ते ठरावीक दिशांना विखुरतात. त्यावरून गणित करून अणू कुठे दाट आहेत, कुठे विरळ, याचा नकाशा काढता येतो. डोंगराच्या नकाशात समान उंचीच्या रेषा असतात ना, दिसायला तसाच. इन्शुलिन, हिमोग्लोबिन, अभ्रक यांचे असे नकाशे हेच नक्षीकाम झालं. रेगाटा या नदीकाठच्या उपाहारगृहात लोक अशाच नक्षीच्या पडद्याशेजारी बसून जेवत. ते उपाहारगृह राहिलं नाही. कापडं संग्रहालयांत आहेत.

हॉलच्या पुढे क्वीन एलिझाबेथ हॉलची राखाडी काँक्रीटची इमारत आहे. तिच्या जागी १८२६ चा शॉट टॉवर होता, बंदुकीचे छर्रे करायचा मनोरा. वितळलेलं शिसं वरून चाळणीतून सोडायचं. पडता पडता थेंब आपोआप गोल होतो, आणि खालच्या पाण्यात पडून घट्ट होतो. उंची हवी ती एवढ्याचसाठी. उत्सवात हा मनोरा पाडला नाही, उलट त्याच्या डोक्यावर रेडिओ दुर्बिणीची थाळी बसवली, आणि चंद्राकडे लहरी पाठवून त्यांचा प्रतिध्वनी लोकांना दाखवायचा बेत केला. छर्ऱ्यांच्या मनोऱ्यावरून चंद्राशी बोलणं, यापेक्षा चांगलं चित्र त्या उत्सवाचं मला सुचत नाही. १९५१ मध्ये वाचलेला तो मनोरा १९६२ मध्ये पाडला.

वॉटर्लू पुलाखाली जुन्या पुस्तकांची टेबलं आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची चित्रपटगृहं आहेत. तीही उत्सवाचीच वंशावळ. प्रदर्शनात टेलिकिनेमा नावाचं एक छोटं चित्रगृह होतं, तिथे त्रिमिती चित्रपट दाखवत. त्याचंच १९५२ मध्ये नॅशनल फिल्म थिएटर झालं आणि १९५७ मध्ये ते या पुलाखाली आलं. पूल स्वतः युद्धकाळातला. पुरुष आघाडीवर गेल्यामुळे तो बांधण्यात बायकांचा मोठा हात होता, म्हणून त्याला ‘बायकांचा पूल’ म्हणतात. १९४५ मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन केलं ते याच हर्बर्ट मॉरिसन यांनी, आणि भाषणात त्यांनी आभार मानले ते पुरुषांचे.

पुलापलीकडे नॅशनल थिएटरसमोर दोन बसलेल्या स्त्रियांचं ब्राँझ शिल्प आहे, फ्रँक डॉब्सन यांचं ‘लंडन प्राइड’. ते उत्सवातच होतं, पण धातूचं नव्हतं. ब्राँझमध्ये ओतून १९८७ मध्ये इथे ठेवलं. बाकीची शिल्पं माहेर मोडल्यावर लेकी दूरदूर नांदायला जाव्यात तशी पांगली. बार्बरा हेपवर्थ यांच्या दोन उभ्या दगडी आकृती हार्लो या नव्या वसवलेल्या गावात घरांच्या मधोमध आहेत, हेन्री मूर यांचं पहुडलेलं ब्राँझ एडिंबरात, जेकब एप्स्टाइन यांचा पुढे निघालेला तरुण मँचेस्टरमध्ये.

इथपर्यंत आल्यावर आत्याने विचारलं ते मी कधी विचारलं नव्हतं. “यात आपण कुठे आहोत?”

१८५१ च्या प्रदर्शनात आपण होतो, पुष्कळ होतो. ईस्ट इंडिया कंपनीने मोठं दालन भरलं होतं, कोहिनूरही त्याच प्रदर्शनात लोकांना दाखवला. त्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा करण्याच्या खटपटीतूनच पुढे मुंबईत संग्रहालय उभं राहिलं. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय ते हेच. १९५१ च्या उत्सवात मात्र साम्राज्य जवळजवळ दिसतच नाही. भारत गेला होता, आफ्रिकेतल्या वसाहती अजून हातात होत्या, पण साउथ बँकवर गोष्ट होती ती फक्त एका बेटाची, तिथल्या जमिनीची आणि माणसांची. काही जण याला समजूतदारपणा म्हणतात. मला ती टाळाटाळ वाटते. ज्या चहाच्या रेशनची चर्चा घराघरांत होती, तो चहा कुठून येतो हा प्रश्न त्या २७ एकरांत कुणाला पडू दिला नाही.

तरी भेगेतून गवत यावं तसं काही आलंच. जुलै १९५१ मध्ये त्रिनिदादचा एक चमू इथे येऊन तेलाच्या पिंपांपासून बनवलेली पोलादी वाद्यं वाजवून गेला. इंग्लंडमधल्या बहुतेकांनी हे वाद्य तोवर ऐकलेलंच नव्हतं. आणि उत्सव घडवणाऱ्यांची नावं काढून बघा. ताठ तारांचे सॅम्युएली व्हिएन्नाचे. हॉलच्या गालिच्यामागचे मोरो जर्मनीत जन्मलेले, १९४० मध्ये शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून ब्रिटिशांनीच त्यांना स्थानबद्ध केलं होतं. भूमीच्या भागाची मांडणी सांभाळणारे मिशा ब्लॅक यांचा जन्म बाकूचा. कंपासच्या ताऱ्यावर ब्रिटानियाचं डोकं असलेलं बोधचिन्ह काढणारे एब्रम गेम्स हे पूर्व लंडनमधल्या स्थलांतरित ज्यू कुटुंबातले. ब्रिटन म्हणजे काय हे ब्रिटनला दाखवणाऱ्यांत इतके जण बाहेरून आलेले, किंवा बाहेरून आलेल्यांच्या पोटचे. दुसऱ्या देशात घर केलेल्या माणसाला हे वाचून काय वाटतं ते मी शब्दांत नीट सांगू शकत नाही.

उत्सवाचे दोन तुकडे या काठापासून लांब आहेत. बॅटरसी पार्कमध्ये करमणुकीची बाग होती. तिथली कारंजी आणि तळी नीट केलेली आहेत, ऊन असेल तर जरूर जा. पण एकच जागा निवडायची झाली तर पूर्वेला पॉप्लरला जा. बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या गरीब वस्तीत तिथे खरीखुरी वसाहत बांधून तीच ‘जिवंत प्रदर्शन’ म्हणून दाखवली. घरं, शाळा, प्रार्थनामंदिर, बाजार, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. लोक बांधकाम बघायला यायचे आणि शेजारच्या खिडकीत राहायला आलेलं कुटुंब असायचं. फ्रेडरिक गिबर्ड यांनी आखलेला क्रिस्प स्ट्रीट बाजार हा ब्रिटनमधला फक्त पायी चालणाऱ्यांसाठी मुद्दाम आखलेला पहिला बाजार. त्याचा घड्याळाचा मनोरा आणि फेस्टिव्हल इन हा पब अजून आहे. भोवती आता बांगलादेशी कुटुंबं खूप. भाजीच्या गाड्यावर आत्याने कारली बघितली आणि ती न घेता पुढे जायला तयार होईना.

वसाहतीला नाव आहे लॅन्सबरी. जॉर्ज लॅन्सबरी हे पॉप्लरचे पुढारी. गरीब वस्तीवर श्रीमंत वस्तीसारखाच कर लादू नका म्हणून १९२१ मध्ये ते आणि त्यांचे सहकारी नगरसेवक तुरुंगात गेले, तीस जण. ॲनी बेझंट यांच्या पुढाकाराने तयार झालेलं भारताच्या स्वराज्याचं विधेयक १९२५ मध्ये ब्रिटिश संसदेत मांडलं तेही याच लॅन्सबरींनी. तिथून पायी अर्ध्या तासावर बो भागात किंग्जली हॉल आहे. १९३१ च्या गोलमेज परिषदेला आले तेव्हा गांधीजी राहिले ते तिथे, कामगारांच्या वस्तीत. बाबासाहेब आंबेडकरही त्याच परिषदेला आले होते. प्रदर्शनात आपण नव्हतो, पण या गल्ल्यांमध्ये होतो.

फेरी मी वॉटर्लू स्टेशनात संपवते, कारण घरची गाडी तिथूनच मिळते. १९५१ मध्ये स्टेशनाकडून प्रदर्शनात शिरताना भिंतीवर दोन माणसं उन्हात पडलेली दिसायची. पीटर लास्लो पेरी यांचं काँक्रीटचं शिल्प, ‘सनबेदर्स’. पेरी मूळचे बुडापेस्टचे, नाझी आल्यावर बर्लिनहून पळून आलेले. दगड आणि ब्राँझ परवडत नाही म्हणून ते काँक्रीटमध्ये काम करत. उत्सवानंतर ते शिल्प नाहीसं झालं, आणि नष्ट झालं असंच सगळ्यांनी धरलं होतं. हरवलेल्या शिल्पांचा शोध घ्या असं लोकांना आवाहन झालं, तेव्हा २०१७ मध्ये ते ब्लॅकहीथ भागातल्या एका हॉटेलच्या बागेत मोडक्या अवस्थेत सापडलं. लोकवर्गणीतून त्याची दुरुस्ती झाली आणि ते पुन्हा वॉटर्लूलाच आलं. त्या दिवशी आमची पाच चाळीसची गाडी चुकली. आत्या शिल्पासमोरून हलली नव्हती. पुढची गाडी वीस मिनिटांनी होती.